आजीच्या कवटीतलं मूळ

सकाळी आठ वाजता कालोलाईने नावाच्या आजीची कबर उघडली गेली, तेव्हा मातानिऊ गावच्या दफनभूमीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका दुखवट्याच्या रिवाजाप्रमाणे काळ्या कपड्यांवर कमरेला चटया गुंडाळून आल्या होत्या. पुरुष दुसऱ्यांच्या कबरींच्या कडेकडेनं, कुणाच्या वाळूवर पाय पडू नये म्हणून अंग चोरून उभे होते. पोरं कुंपणावर चढली होती. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेला सुट्टी नव्हती, पण वर्गात एकही मूल नव्हतं, म्हणून मीही तिथे होतो.

खड्ड्यात वैदू काफोआ उभा होता, कमरेपर्यंत वाळूत. काठावर त्याची निळी आइसबॉक्स. आमच्याकडे असल्या पेटीत मासे ठेवतात, काफोआ तेलाच्या बाटल्या ठेवायचा. त्याच्या चष्म्याला डावी काच नव्हती. त्या डोळ्यानं मेलेली माणसं दिसतात आणि काचेच्या डोळ्यानं जिवंत, असं तो सांगायचा.

"जरा हळू बोला," तो म्हणाला. "आजी बारा वर्षं झोपलीय. उठून पहिलं तोंड माझं दिसलं तर परत मरेल बिचारी."

लोक हसले. मग तो वाकला, बराच वेळ दोन्ही हातांनी वाळू चाचपत राहिला, आणि वर आला तेव्हा त्याच्या हातात कवटी होती. डाव्या डोळ्याच्या खोबणीतून आत शिरून खालच्या भोकातून बाहेर आलेलं एक करंगळीएवढं मूळ तिच्यात अडकलेलं होतं.

कुंपणावरची पोरं खाली उतरली.

"डावीकडून," काफोआ म्हणाला. "आता पोरीला पुढे आणा. तिला कुठं कापलंय बघू."

लोसाच्या आत्यानं तिला पुढे नेलं आणि तिचे नुकते वाढलेले केस डावीकडून बाजूला केले. कानाच्या वरून मागे गेलेली वळणदार खूण सगळ्यांना दिसली. एका म्हातारीनं प्रार्थनागीत सुरू केलं आणि सगळ्यांनी ते उचललं.

लोसा, म्हणजे लोसालिने, माझी भाची. वय नऊ. तिनं आत्याचा हात सोडला, मागे येऊन माझा सदरा धरला आणि विचारलं, "मामा, तो किडा आहे?"

मी वाळू बघत होतो. आमच्या कबरींवर समुद्रावरची पांढरी वाळू टाकतात. आमच्या वावाउ बेटाची मूळ माती लाल, ती खाली असते. कबर पहिल्यांदा उघडली तर आधी पांढरी वाळू निघायला हवी, मग लाल माती. काफोआनं पहिलं फावडं मारलं तेव्हाच दोन्ही मिसळून वर आली होती. हे मी पाहिलं. आणि बोललो नाही.

का बोललो नाही, हे सांगायला हवं. आमच्यात मुलांवर शब्द चालतो तो बापाच्या बहिणीचा. भाऊ कितीही मोठा झाला तरी बहिणीपुढे खालीच बसतो, आणि त्याची मुलं तर आत्याच्या पायाशी. मामाची जागा उलटी. भाचीनं मामाच्या घरातलं काहीही उचलावं, मामानं हूं म्हणू नये. लग्नात, मरणात ओझी वाहायची ती मामानं. लोसाची आत्या व्हिका, तिला सगळं गाव आत्याच म्हणतं. कबर तिच्या आईची होती. ती उघडायची, हे तिनं ठरवलं होतं. त्या खड्ड्याच्या काठावर मी फक्त एक मामा होतो.

लोसाला ती चार वर्षांची असल्यापासून फिट यायच्या. आधी ओठ चघळल्यासारखे हलायचे, मग उजवा हात वाकडा व्हायचा, मग ती पडायची. मागच्या नोव्हेंबरात तिला ऑकलंडला नेलं. मेंदूच्या डाव्या बाजूचा, जिथून फिट सुरू व्हायची तो भाग तिथल्या शल्यवैद्यांनी काढला. डिसेंबरात ती परत आली. फिट थांबल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी होती, आणि ती वर्षभर तरी चालू ठेवायची होती.

जानेवारीत तिनं ताटं फोडली. मग धाकट्या भावाच्या खांद्याला चावली, टाके पडले. खोबरं किसायला बसवलेल्या पोरीनं किसणी डुकरांच्या अंगावर फेकली. बापाला ती असे शब्द बोलली, जे आमच्या घरात कुणी कुत्र्यालाही बोलत नाही. मग रडायची, अंगाची जुडी करून. पूर्वीची लोसा गरीब होती, कुणी खेळणं हिसकावलं तर दुसरं शोधायची. ही कोण आहे, हे आम्हाला कळेना.

माझ्या बहिणीनं, मेलेनाइतेनं, ऑकलंडच्या नर्सला फोन लावला. पोर बदलली, एवढंच तिला इंग्रजीत सांगता आलं. पलीकडून विचारलं गेलं, फिट येते का? नाही. मग छान, ऑपरेशन यशस्वी झालं. फोन ठेवून ताई परत चटई विणायला बसली. हे मला नंतर तिच्या नवऱ्याकडून कळलं. आमच्यात मोठी झालेली बहीण आणि भाऊ एका खोलीत बसत नाहीत, शरीराच्या गोष्टी तर बोलतच नाहीत. तिच्या निजायच्या खोलीत, जिथे औषधांची पिशवी टांगलेली होती, मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. ठेवणारही नव्हतो.

मार्चमध्ये आत्यानं काफोआला बोलावलं. तो दुसऱ्या बेटावरचा. पैसे घेत नाही अशी त्याची ख्याती होती, आणि ते खरंच होतं. तो चटया घ्यायचा, सालीचं रंगवलेलं कापड घ्यायचा, डुक्कर घ्यायचा, आणि घेताना प्रत्येक वेळी मान वळवायचा, म्हणजे त्यानं घेतलं नाही, ते आपोआप त्याच्या होडीत गेलं.

त्यानं लोसाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निदान सांगितलं. कबरीत मुळं शिरतात, हाडांना टोचतात, आणि मेलेल्याला जिथं टोचतं तिथं जिवंत नातवंडाला दुखतं. हे आमच्याकडे सगळेच ऐकत आलेत. आणि मुळं खरोखर कबरीत जातात, म्हणून ते खरंही वाटतं.

"ऑकलंडच्या डॉक्टरला मी नावं ठेवत नाही," काफोआ म्हणाला होता. "हुशार माणूस. दार उघडलं, आत बघितलं. पण मूळ तिच्या डोक्यात नाहीच तर त्याला सापडणार कुठून? मूळ आजीच्या डोक्यात. आणि ही गोळी म्हणजे काय? पाणी. तुम्ही मुळाला दिवसातून दोनदा पाणी घालता आणि झाड वाढलं म्हणून रडत बसता."

म्हणून एप्रिलच्या मध्यावर, त्या सकाळी हाडं धुऊन, तेल लावून, नव्या कापडात गुंडाळून परत ठेवली, तेव्हा काफोआनं गोळ्यांची बाटली मागितली. ताईनं ती पुढे केली. त्यानं झाकण उघडून सगळ्या गोळ्या खड्ड्यात ओतल्या. "मुळाचं पाणी मुळाच्या खड्ड्यात," तो म्हणाला. मग तो मूळही जाळायला निघाला. पण आत्यानं हात पुढे केला.

"माझ्या आईच्या डोक्यातून निघालंय. त्याचं काय करायचं ते मी ठरवीन."

काच नसलेल्या बाजूनं काफोआनं तिच्याकडे पाहिलं. मग हसला आणि मूळ तिच्या टोपलीत ठेवलं.

त्याच दिवशी दुपारी मी आत्याच्या घरी गेलो, दाराजवळ मांडी घालून बसलो आणि म्हणालो, की कबरीचं जे केलं ते राहू दे, पण गोळ्या परत आणू या.

"तू सुवाच्या विद्यापीठात जाऊन काय शिकलास?" तिनं विचारलं.

"वनस्पतिशास्त्र, आत्या."

"म्हणजे झाडं. डोकी नाही. एवढी वर्षं झाडं शिकलास आणि मूळ माझ्या भावाच्या घराला लागलेलं तुला दिसलं नाही."

मी उठलो आणि घरी आलो. ते मूळ मला एकदा दाखवा, एवढंच म्हणायचं होतं. ते मला सुचलं नाही. त्याऐवजी मी दोन दिवस, माझी बोलण्याची जागा कुठली आणि नाही कुठली, याचा विचार करत राहिलो.

आठवडा गेला आणि लोसा निवली.

हे मी नाकारणार नाही. तिचा आवाज खाली आला. भावाला तिनं स्वतःच्या पानातला मासा दिला. ताईचे खांदे, जे जानेवारीपासून कानांना भिडले होते, खाली आले. तिसऱ्या आठवड्यात पोर खोबरं किसत गुणगुणत होती. संध्याकाळी कावा, म्हणजे मुळांचं सुस्तावणारं पेय, प्यायला पुरुष जमतात तिथे माझी जागा कोपऱ्यात, आणि त्या दिवसांत माझ्यापर्यंत येणारी प्रत्येक करवंटी एक टोमणा घेऊन यायची. मास्तर, तुझ्या पुस्तकात कवटीचं पान आहे का? मास्तर, माझ्या गुडघ्यात कळ येते, कुणाचा गुडघा खणू? मी करवंटी रिकामी करून परत द्यायचो. मला खरंच उत्तर माहीत नव्हतं. वाळू मिसळलेली होती हे माहीत होतं. पोर शांत झाली हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी माझ्यासमोर होत्या आणि त्यांचा एकमेकींशी संबंध मला लावता येत नव्हता.

मे महिन्याचा पहिला रविवार आमच्या मुलांचा. पांढरे नवे कपडे घालून प्रत्येक मूल चर्चमध्ये उभं राहतं आणि पाठ केलेली वचनं म्हणून दाखवतं. लोसाला त्या वर्षी सात ओळी होत्या. काफोआ खास आला होता आणि पुढच्या बाकावर आत्याच्या मागे बसला होता. त्याच्या गळ्यातला फुलांचा हार सगळ्यात जाड होता.

लोसानं तीन ओळी स्वच्छ म्हटल्या. चौथी सुरू केली. मग थांबली. विसरली असं वाटून मागच्या बाईनं पुढचा शब्द हळूच पुरवला. लोसाचे ओठ हलत होते, पण शब्द नव्हता. ती चघळत होती. मी उभा राहिलो. तिचा उजवा हात वाकडा झाला आणि ती पडली.

पूर्वीच्या फिट दोन मिनिटांत थांबायच्या. मी घड्याळ पाहिलं. दहा वाजून बारा मिनिटं. तिला कुशीवर वळवलं, गळ्याचं बटण सोडलं. पाच मिनिटांनी एपेलीनं, तिच्या बापानं, ट्रक दारात आणला. दवाखान्यात पोचलो तेव्हा ती अजून झटके देत होती. शिरेतून औषध गेलं आणि अंग थांबलं तेव्हा दहा एकावन्न झाले होते. मी हे आकडे लिहून ठेवले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. ताई बाहेरच्या बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर लोसाचा एक पांढरा बूट होता. ती रडली नाही. आम्ही कुणीच रडलो नाही.

तिथल्या डॉक्टर आसिनाते आमच्याच बेटावरच्या. त्यांनी विचारलं, ऑकलंडहून दिलेले कागद कुठे आहेत?

"पिशवीत होते," ताई एपेलीकडे बघून म्हणाली, म्हणजे मला ऐकू यावं म्हणून. "लोसानं चित्रं काढायला घेतले."

मला त्याच क्षणी कळलं कागद कुठे आहेत.

माझ्या घरी जेवायच्या टेबलासमोरच्या भिंतीवर, उकडलेल्या कंदाच्या खळीनं चिकटवलेलं एक चित्र आहे. टोपी घातलेलं डुक्कर, आणि शेजारी मोठ्या कानांचा माणूस, तो मी. डिसेंबरात लोसानं येऊन ते लावलं होतं. मामाची भिंत म्हणजे तिचीच भिंत. मी ट्रकनं घरी गेलो, पाणी लावून कागद सोडवला आणि उलटा केला. छापील इंग्रजी होतं. मधोमध तीन ओळी होत्या: या औषधामुळे काही मुलांत चिडचिड, आक्रमकपणा, रडवेपणा दिसू शकतो. असं झाल्यास आम्हाला कळवा. औषध अचानक कधीही थांबवू नका.

त्या ओळींसमोर मी साडेचार महिने जेवलो होतो. दोन्ही वेळा.

आसिनातेबाईंनी तो ओला कागद वाचला आणि टेबलावर पसरला. त्यांनी सांगितलं ते असं. लोसाच्या गोळीचं नाव लेव्हेटिरॅसिटॅम. फिट रोखायला चांगलं औषध, पण काही मुलांना त्यानं राग येतो, आणि तो राग त्या मुलाच्या हातात नसतो. त्यात भर म्हणजे मेंदूचा तुकडा काढल्यावर उरलेल्या मेंदूला पुन्हा घडी बसवायला महिने लागतात. या काळात काही मुलं आणखी शांत होतात, काही बिथरतात. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं.

"आणि तिसरं कारण तुम्ही," त्या म्हणाल्या.

"आम्ही?" एपेलीनं विचारलं.

"पाच वर्षं ती आजारी पोर होती. तिला कुणी किसणीवर बसवलं नाही, रागावलं नाही. ऑपरेशन झालं, आणि तुम्ही दुसऱ्या आठवड्यापासून तिला धडधाकट पोरीसारखं कामाला लावलं. तिला कुणी विचारलं का, तुला काय होतंय?"

कुणी विचारलं नव्हतं.

"गोळी म्हणजे पहारेकरी समजा," त्या पुढे म्हणाल्या. "पोरीशी भांडायचा, खरं आहे. म्हणून तो बदलायचा होता. दुसरा आणून उभा करायचा आणि मग पहिल्याला घरी पाठवायचं, तेही हळूहळू. तुम्ही त्याला हाकलला. भांडण थांबलं, घर शांत झालं. चोर यायला तीन आठवडे लागले, इतकंच."

बुधवारी दुपारी एपेलीच्या घरी काफोआ आला, आइसबॉक्स घेऊन. लोसा अजून दवाखान्यात होती, दोन दिवस झोपून जागी झाली होती आणि नव्यानं गोळ्या सुरू झाल्या होत्या. आत्या वरच्या चटईवर बसली होती. एपेली खाली, ताई आतल्या दाराशी, मी बाहेरच्या पायरीवर, म्हणजे ताई आणि मी एका खोलीत नव्हतो.

काफोआ जराही गडबडला नव्हता. त्याच्या आवाजात उलट माया वाढली होती. "मी एक मूळ काढलं," तो म्हणाला. "तीन आठवडे पोर कशी होती, तुम्ही सांगा. देवदूत. मग हे कशानं? दुसरं मूळ. झाडाला कधी एक मूळ असतं का, बाबांनो? एका आजीचं झालं, दुसऱ्या आजीचं राहिलं. आईकडची कबर उघडावी लागेल. आणि तोवर पाणी बंद. दवाखान्यातून पोरीला घरी आणा, गोळी थांबवा."

आईकडची कबर म्हणजे माझ्या आईची.

मग आत्यानं पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. तिला ते माझ्या आधी कळलं होतं. ती कबर माझ्या घरची होती. तिच्याबद्दल मला विचारल्याशिवाय कुणालाच पुढे जाता येत नव्हतं. काफोआनं स्वतःच मला बोलायची जागा करून दिली होती.

"टाईतूसी," ती म्हणाली, "तुझं काय म्हणणं?"

"आत्या, आधी पहिलं मूळ बघू द्या."

काफोआ म्हणाला की तसली वस्तू उघडली तर पोरीला त्रास होईल. आत्या उठली, टोपली घेऊन आली आणि कापडाची पुरचुंडी माझ्या हातात दिली.

मूळ सुकलं होतं. मी नखानं वरची माती खरवडली. खाली साल नीट होती आणि सालीवर ठरावीक अंतरानं बारीक गोल वळी होती, बोटात अंगठी असावी तशी. अशी वळी पानं गळून पडलेल्या जागी राहतात. मुळाला पानं येत नाहीत. मी दोनदा मोजली. अकरा होती.

मला आत्यापुढे शहाणपणा करायचा नव्हता. मी चाकूनं सालीला चीर दिली, एक पट्टी ओढली आणि ती एपेलीच्या हातात दिली. पट्टी लांबच लांब निघाली, तुटेना. एपेलीनं काही न बोलता ती मांडीवर घेतली आणि तळव्याखाली वळायला लागला, जसं आमचा प्रत्येक माणूस लहानपणापासून वळतो, डुक्कर बांधायला, होडी बांधायला. चार वळ्यांत दोर झाला. मग त्याचा हात थांबला.

"हे तर फाऊ आहे," तो म्हणाला.

फाऊ सगळ्यांना माहीत आहे. जास्वंदीच्या कुळातलं झाड, समुद्राकाठी वाढतं, लोक त्याच्या फांद्यांची कुंपणं करतात. आमच्या दफनभूमीत फाऊ नाही. तिथे फक्त चाफा आहे. मी येताना आजीच्या कबरीजवळच्या चाफ्याचं एक मूळ तोडून आणलं होतं, ते पायरीवर ठेवलं आणि कापलं. पांढरा चीक ओघळून फळीवर पसरला. त्याची साल तुकड्यातुकड्यानं निघाली. तिचा दोर होत नव्हता.

"हे चाफ्याचं मूळ," मी म्हणालो. "आणि हे फाऊचं मूळसुद्धा नाही. फांदी आहे. या टोकाला सुरीचा काप आहे बघा, सरळ. कवटीत होतं तेव्हा जाड टोक खालच्या भोकाकडे होतं आणि निमुळतं डोळ्याकडे. झाडापासून येऊन डोळ्यातून आत शिरलेलं मूळ उलटं असतं, झाडाकडे जाड आणि टोकाला बारीक."

मग मी वाळूचं सांगितलं, जे तीन आठवड्यांपूर्वी सांगायला हवं होतं. एपेली हळूहळू बोलला. कबर उघडायच्या आदल्या दिवशी, सूर्य कलल्यावर, काफोआ वाळू मऊ करायची प्रार्थना म्हणायला एकटाच दफनभूमीत गेला होता. कुणी येऊ नये असं सांगून. सोबत आइसबॉक्स होती. आणि जाताना फावडं एपेलीकडचंच मागून नेलं होतं.

काफोआनं चष्मा काढून पुसला. काच नव्हती ती बाजूही पुसली.

"बरं," तो म्हणाला. "फांदी तर फांदी. लोकांना दिसायला काहीतरी लागतं, डॉक्टरही फोटो दाखवतातच की. पण मास्तर, पोर शांत झाली होती की नाही? ते फांदीनं केलं का?"

हाच खरा प्रश्न होता, आणि तो त्यानं नीट विचारला होता. मी खिशातून कागद काढला. तीन ओळी आमच्या भाषेत वाचल्या, दोनदा, ताईला आत ऐकू जाईल अशा आवाजात. आसिनातेबाई जे म्हणाल्या ते सांगितलं. पोर शांत झाली, कारण गोळी थांबली. पोर पडली, तेही गोळी थांबली म्हणून. शांत होणं आधी दिसलं, पडणं नंतर, आणि मधल्या तीन आठवड्यांत चटया होडीत गेल्या.

आतून ताईचा आवाज आला. ती माझ्याशी नाही, भिंतीशी बोलत होती. "मी म्हटलं होतं पोर बदलली. जानेवारीत म्हटलं होतं."

आत्यानं काफोआकडे पाहिलं.

"याआधी किती पोरांच्या गोळ्या थांबवल्यास?"

काफोआ आइसबॉक्सचं झाकण बसवत होता. ते नीट बसत नव्हतं.

"दोन," तो म्हणाला.

"ती आता कशी आहेत?"

"त्या बेटांवर मी परत गेलो नाही."

आत्यानं त्याला शिव्या दिल्या नाहीत. चटया परत मागितल्या नाहीत. बराच वेळ ती त्या दोराच्या तुकड्याकडे बघत बसली. तिनं आपल्या आईची झोप एका फांदीसाठी मोडली होती, आणि हे तिला आता आयुष्यभर माहीत असणार होतं. मग तिनं आतल्या दाराकडे तोंड केलं.

"मेलेनाइते, संध्याकाळची गोळी किती वाजता?"

"सहा."

"पावणेपाच झालेत. मग बसलीस काय? एपेली, ट्रक काढ."

काफोआ निघाला तेव्हा तिनं एवढंच म्हटलं, की त्या दोन बेटांची नावं आणि पोरांची नावं टाईतूसीला सांगितल्याशिवाय होडी सुटणार नाही. त्यानं सांगितली. मी ती आसिनातेबाईंना दिली. एक मुलगा जिवंत आहे. दुसऱ्याबद्दल मी इथे लिहीत नाही.

पुढच्या रविवारी आत्या चर्चमध्ये उभी राहिली आणि फांदीची गोष्ट स्वतः सांगितली. ती मी सांगितली असती तर निम्म्या गावानं ऐकली नसती.

आता सप्टेंबर आहे. लोसाचं औषध दोन महिन्यांत हळूहळू बदललं. राग कमी झाला. पूर्ण गेला नाही. फिट त्यानंतर आली नाही. पण त्या एकोणचाळीस मिनिटांनंतर तिला शब्द लवकर सापडत नाहीत. 'होडी' म्हणायचं असलं की ती हातानं वल्हं मारून दाखवते आणि वाट बघते. आपण सांगायचं नाही, तिला शोधू द्यायचं, असं आसिनातेबाईंनी सांगितलंय. आम्ही थांबतो.

परवा ती माझ्या टेबलाशी बसून माझे पेन वापरत होती. मी तिला विचारलं, जे आधी कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा काय व्हायचं गं तुला?

तिनं बराच वेळ शोधलं. मग छातीवर हात ठेवून, मान दोनदा झटकून दाखवली.

"उचकी," ती म्हणाली. "राग माझा नव्हता, मामा. उचकीसारखा यायचा."

एवढीच गोष्ट. नऊ वर्षांच्या मुलीला माहीत असलेली. तिच्यापर्यंत पोचायला आम्ही एक कबर खणली.

तुमच्या घरात फिटचं औषध घेणारं किंवा डोक्याच्या ऑपरेशनमधून उठलेलं मूल असेल आणि ते अचानक वेगळं वागू लागलं असेल, तर त्याला कुणी झपाटलेलं नाही आणि ते वाईटही झालेलं नाही. त्याला विचारा. मग डॉक्टरला सांगा, आणि डॉक्टर म्हणाला की फिट येत नाही ना, मग छान, तर पुन्हा सांगा, तो ऐकेपर्यंत. गोळी स्वतःहून थांबवू नका, कुणाच्याही सांगण्यावरून. आणि कुणी तुमच्यासमोर चमत्कार धरला, तर तो हातात मागा, खरवडून बघा, त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं ते तारखेनिशी लिहा. लाल माती दिसली तर त्याच वेळी बोला. आपली जागा नाही म्हणून गप्प बसू नका. मी बसलो होतो.

तो कागद मी भिंतीला परत चिकटवलेला नाही. आढ्याला दोरा बांधून टांगलाय. वारा आला की फिरतो, कधी टोपीवालं डुक्कर समोर येतं, कधी त्या तीन ओळी. दोरा फाऊचा आहे. एपेलीनं वळला होता तोच.